लढाऊ विमानांचं लाकडी विनियर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या लाकडी विमानांबद्दल, त्यातही ब्रिटनच्या ‘मॉस्किटो’ या दोन इंजिनांच्या लढाऊ-बॉम्बफेकी विमानाबद्दल, मला सारखे प्रश्न येत असतात. विचारणारे कधी फर्निचरचं काम करणारे सुतार असतात, कधी एरोमॉडेलिंग करणारी मुलं, तर कधी इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. माझं आयुष्य प्लायवूडच्या धंद्यात गेलं, म्हणून हा विषय मला जवळचा. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विनियर म्हणजे प्लायवूडच ना?

नाही. विनियर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, एकच थर. असे तीन, पाच, सात थर आलटून पालटून उभे-आडवे ठेवून, गोंद लावून दाबले की प्लायवूड होतं. आज आपण ‘कपाटाला विनियर लावलं’ म्हणतो तेव्हा सागाचा किंवा अक्रोडाचा शोभेचा पापुद्रा प्लायवर चढवलेला असतो. विमानात भार पेलायचं काम विनियरच करायचं. तिथे रंग आणि नक्षी कोणी बघत नसे. ग्रेन, म्हणजे लाकडातल्या तंतूंची दिशा, सरळ आहे का, जाडी सगळीकडे सारखी आहे का, कुठे गाठ नाही ना, एवढंच पाहिलं जायचं.

२. १९४० साली धातूची विमानं होतीच. मग लाकडाकडे परत का वळले?

तीन कारणं होती. पहिलं, अ‍ॅल्युमिनियम होतं, पण मागणीच्या मानाने तुटपुंजं होतं, आणि ते घडवणारे कामगार व यंत्रं आधीच जुंपलेली होती. दुसरं, ब्रिटनमध्ये फर्निचर, पियानो, मोटारींच्या लाकडी बॉडी अशा धंद्यांत हजारो कुशल हात होते आणि युद्धामुळे त्यांचं नेहमीचं काम आटलं होतं (प्रश्न ११ पाहा).

तिसरं कारण तांत्रिक आहे आणि तेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. धातूचा पातळ पत्रा दाब आला की सुरकुततो, म्हणून त्याला आतून भरपूर फासळ्या द्याव्या लागतात. लाकूड हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनात आवरण कितीतरी जाड करता येतं. जाड आवरण स्वतःच्या बळावर उभं राहतं आणि फासळ्या कमी लागतात. शिवाय बाहेरून रिव्हेटची डोकी नाहीत, पत्र्याचे सांधे नाहीत. पृष्ठभाग गुळगुळीत, म्हणून हवेचा अडथळा कमी.

मॉस्किटो बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीला या कामाचा सराव होता. त्यांचं १९३४ चं शर्यतीचं ‘कॉमेट’ लाकडी होतं. १९३७ मध्ये उडालेल्या ‘अल्बाट्रॉस’ या प्रवासी विमानाचं धड प्लाय-बाल्सा-प्लाय पद्धतीनेच बांधलं होतं. हवाई मंत्रालयात मात्र लाकडी बॉम्बफेकी विमान, तेही बचावाच्या तोफांशिवाय, ही कल्पना फार थोड्यांना पटली. मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी सर विल्फ्रिड फ्रीमन पाठीशी उभे राहिले म्हणून मार्च १९४० मध्ये ५० विमानांची ऑर्डर निघाली. २५ नोव्हेंबर १९४० ला कंपनीच्या हॅटफील्डच्या विमानतळावरून पहिलं मॉस्किटो उडालं. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया मिळून एकूण ७,७८१ विमानं बांधली गेली.

३. मॉस्किटो सोडून आणखी कोणती विमानं विनियरची होती?

बरीच. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत सैनिक उतरवणारी ‘होर्सा’ ग्लायडर, वैमानिक घडवणारं ‘ऑक्सफर्ड’, कॅनडात बनलेल्या ‘अ‍ॅन्सन’ची पुढची आवृत्ती (हिचं धडच साच्यात दाबलेल्या प्लायचं होतं), सोव्हिएत ‘लॅग-३’ आणि ‘ला-५’ (प्रश्न १३), जर्मन ‘टीए १५४’ आणि ‘एचई १६२’चे पंख (प्रश्न १२), आणि अमेरिकेतलं ह्यूजचं अवाढव्य जलविमान (प्रश्न १८). पुढची बहुतेक उत्तरं मॉस्किटोला धरून आहेत.

४. कोणतं लाकूड वापरायचे? सागवान का नाही?

सागवान टिकाऊ आहे, पण जड, महाग आणि तेलकट. तेलामुळे गोंद नीट धरत नाही. विमानाच्या प्लायसाठी बर्च लागायचं, मुख्यतः अमेरिकेच्या विस्कॉन्सिन भागातलं आणि कॅनडातलं पिवळं बर्च. आपण ज्याला भूर्ज म्हणतो, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, तो हिमालयातला वृक्ष याच कुळातला. बर्च घट्ट, बारीक पोताचं आणि सगळीकडे सारख्या घनतेचं असतं, म्हणून अगदी पातळ सोललं तरी फाटत नाही.

पण विमान एकट्या बर्चचं नव्हतं. पंखातल्या लांब तुळया, म्हणजे स्पार, स्प्रूसच्या. त्यासाठी अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे सिटका स्प्रूसचे जुने प्रचंड वृक्ष तोडले गेले. पंखाच्या आवरणातल्या पट्ट्या डग्लस फरच्या. धडाच्या पोटात इक्वेडोरहून आलेला बाल्सा. बाल्सा म्हणजे आपल्या काटेसावरीचा नातेवाईक. सावरीचं मऊ लाकूड आपल्याकडे काडेपेट्यांना आणि चहाच्या खोक्यांच्या प्लायला वापरलं गेलं. बाल्सा त्याहूनही हलका, साधारण पाण्याच्या एकषष्ठांश वजनाचा.

५. ओंडक्यापासून एवढा पातळ पापुद्रा काढायचे कसा? करवतीने?

करवतीने नाही. करवतीने निम्मं लाकूड भुसा होऊन जाईल. तो सोलून काढतात, आणि आजही आपल्याकडच्या कारखान्यांत मूळ पद्धत तीच आहे.

आधी ओंडक्यांची निवड. सरळ, गोल, कमी गाठींचा ओंडका बाजूला काढायचा. मग तो वाफेत किंवा गरम पाण्याच्या हौदात ठेवायचा. थंड, कडक बर्च सोलायला गेलं तर पापुद्र्याला चिरा पडतात. ऊब आत गाभ्यापर्यंत पोचायला हवी, म्हणून जाड ओंडक्याला जास्त वेळ. बाहेरून वाफाळलेला आणि आतून गार असा ओंडका लेथवर (ओंडका फिरवत सोलायच्या यंत्रावर) चढला की पहिले थर छान निघतात आणि पुढे माल खराब यायला लागतो. ही घाई युद्धाच्या दिवसांत फार महागात पडायची, कारण लांबून जहाजाने येणारं लाकूड वाया जायचं.

साल काढून, मापात कापून ओंडका पीलिंग लेथवर दोन्ही टोकांना घट्ट धरतात. तो स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या पूर्ण लांबीचं एक पातं हळूहळू आत सरकत राहतं. गुंडाळलेली चटई उलगडत जावी तसं लाकूड सलग बाहेर येतं. शेवटी मधला दांडका उरतो, तो बाजूला टाकतात.

सगळी करामत पात्याच्या अगदी पुढ्यात बसवलेल्या दाबपट्टीत असते. ही पट्टी पातं लाकडात शिरण्याच्या क्षणी त्यावर दाब देते, नाहीतर लाकूड कापलं जाण्याऐवजी पुढे फाटत जातं. दाब कमी पडला तर पापुद्रा खडबडीत आणि चिरांनी भरलेला, जास्त झाला तर लाकूड चेपलेलं. पट्टी आणि पातं यांच्यातली फट पापुद्र्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवायची असते. पातं बोथट व्हायला लागलं की लेथचा आवाज बदलतो. जुना लेथवाला मापनयंत्र लावायच्या आधी कानाने ओळखतो. मी हे रोज ऐकलेलं आहे, आणि तेव्हाच्या कारखान्यातही असंच चालत असणार याबद्दल मला शंका नाही.

कितीही चांगलं सोललं तरी पात्याकडच्या बाजूला केसाएवढ्या चिरा राहतातच. ही पापुद्र्याची सैल बाजू, दुसरी घट्ट बाजू. हाताने वाकवून बघितलं की लगेच कळतं. प्लाय करताना बाहेरच्या थराची सैल बाजू आत, गोंदाकडे ठेवायची आणि घट्ट बाजू बाहेर.

६. पापुद्रा किती पातळ असायचा?

मॉस्किटोच्या धडाला वापरलेलं तीन थरांचं प्लाय साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीचं. म्हणजे एकेक थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पंखासाठी आणि इतर भागांसाठी जाडी वेगवेगळी. एवढ्या पातळ थरात जाडीचा थोडासा फरकही टक्केवारीत मोठा पडतो, म्हणून मापं सतत घेतली जायची.

७. सोलल्यानंतर काय? हे काम बायका करायच्या असं वाचलंय.

सोललेल्या ताज्या पिवळ्या बर्चमध्ये कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानाने ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते ड्रायरमधून काढून दहा टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आणायचं. ओलावा जास्त राहिला तर हॉट प्रेसमध्ये, म्हणजे थर चिकटवायच्या गरम दाबयंत्रात, त्याची वाफ होते आणि थर फुगून सुटतात. फार वाळवलं तर पापुद्रा पापडासारखा मोडतो आणि गोंदही नीट शोषत नाही.

मग प्रतवारी. हो, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, सगळीकडे पुरुष आघाडीवर गेल्यामुळे या कामावर मोठ्या संख्येने बायका होत्या. पापुद्रा उजेडासमोर धरायचा. गाठ, किडीचं भोक, कुजका डाग, तिरकी रेष काही दिसलं की तेवढा भाग छाटायचा. चांगले तुकडे कडेला कड जुळवून एक रुंद पत्रा करायचा. दोन कडांत फट राहिली किंवा एक कड दुसरीवर चढली तर तो दोष प्रेसनंतर आत गाडला जातो आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून विमानाच्या प्लायमध्ये या जोडणीला मी लेथच्या कामाइतकंच मानतो. बायकांच्या या कामाला ‘हलकं काम’ म्हणून बाजूला सारलं गेलं आहे, ते मला मुळीच मान्य नाही. वैमानिकाचा जीव त्या नजरेवर होता.

८. ग्रेन सरळ हवी, असं सारखं म्हणता. थोडी तिरकी असली तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. लाकूड तंतूंच्या दिशेने ओढलं तर प्रचंड ताकदवान, तंतूंच्या आडवं ओढलं तर काटकीसारखं फाटतं. ग्रेन थोडी तिरकी झाली तरी भाराचा काही भाग त्या कमकुवत दिशेवर येतो. स्प्रूसच्या स्पारसाठी नियम असा होता की १५ इंच लांबीत ग्रेन १ इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. मोठमोठ्या झाडांतूनही या कसोटीला उतरणारं लाकूड थोडंच निघायचं.

प्लायमध्ये थर आडवे-उभे ठेवल्याने दोन्ही दिशांना ताकद मिळते आणि दमट हवेत फुगणं-आकसणंही आटोक्यात राहतं. पंखाला पीळ पडतो तिथे प्लायची ग्रेन ४५ अंशांत तिरकी लावत, कारण पिळाचा ताण तिरकाच धावतो. म्हणजे तिरकी ग्रेन ठरवून लावली तर उपयोगाची, चुकून आली तर घातक.

९. गोंद कोणता वापरायचे? फेव्हिकॉलसारखा काही?

सुरुवातीच्या मॉस्किटोंना केसीनचा गोंद होता. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन. कोरड्या हवेत हा गोंद चांगला धरतो, पण पाणी लागलं की नरम पडतो आणि ओलाव्यात त्याला बुरशी खाते. म्हणून लवकरच युरिया-फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम गोंद आला. केंब्रिजजवळ डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रूइन यांच्या एरो रिसर्च कंपनीने ‘एरोलाइट’ नावाचा असा गोंद युद्धापूर्वीच तयार केला होता.

एरोलाइटची पद्धत मजेशीर होती. एका पृष्ठभागावर गोंद लावायचा, दुसऱ्यावर आम्लाचा पातळ हार्डनर. दोन्ही एकत्र दाबले की गोंद घट्ट व्हायला लागतो. त्यामुळे मोठ्या भागावर सावकाश गोंद लावायला वेळ मिळायचा. जोडकामात किंचित फट राहिली तरी हा गोंद ती भरून काढायचा. लवकर घट्ट व्हावा म्हणून सांध्यावर विजेच्या गरम पट्ट्याही ठेवत.

कारखान्यातून येणारं सपाट प्लाय वेगळ्या तऱ्हेने चिकटवलेलं असे. युद्धाआधीच जर्मनीत फिनॉल गोंदाचा कागदासारखा कोरडा पातळ थर निघाला होता, नाव ‘टेगो फिल्म’. दोन पापुद्र्यांत तो ठेवून हॉट प्रेसमध्ये घातला की वितळून चिकटायचा. सांडलवंड नाही आणि थर सगळीकडे सारखा. अमेरिकन कारखान्यांतही असे फिनॉलचे गोंद आले. त्यांना उकळतं पाणीही सोडवत नाही.

कोणताही गोंद असो, नियम सारखेच होते: पृष्ठभाग स्वच्छ, धूळ नाही, तेलकट हात नाही, गोंद लावून फार वेळ उघडा ठेवायचा नाही, दाब सगळीकडे पोचला पाहिजे. यातलं एक चुकलं तर सांधा दिसायला पक्का आणि आतून रिकामा. प्रश्न १४ मधली सगळी कहाणी इथूनच सुरू होते.

१०. प्लाय सपाट असतं. मग मॉस्किटोचं गोल धड त्यातून कसं बनवलं?

धड मधोमध उभं चिरल्यासारखं, डावा आणि उजवा असे दोन अर्धे करून बनवत. प्रत्येक अर्ध्यासाठी धडाच्या आतल्या आकाराचा भरीव साचा असे, महोगनीचा किंवा काँक्रीटचा. साच्यात ठरलेल्या जागी खाचा. आडवे पडदे आणि आधाराचे लाकडी तुकडे आधी त्या खाचांत बसवायचे.

त्यावर आतलं प्लाय वाकवून घालायचं. जिथे वळण एकाच दिशेने आहे तिथे मोठा पत्रा चालायचा. नाकाकडे वळण दोन्ही दिशांनी येतं, तिथे अरुंद पट्ट्या कापून शेजारी शेजारी बसवायच्या. मग गोंद लावून साधारण एक सेंटिमीटर जाडीचे बाल्साचे तुकडे, आणि जिथे भार येणार तिथे बाल्साऐवजी कठीण लाकूड. यावरून पोलादी पट्टे टाकून नट आवळत जायचे, की दाब साच्याभर सारखा पडावा. गोंद धरला की पट्टे सोडायचे, बाल्सा घासून एकसारखा करायचा आणि बाहेरचं प्लाय चढवून पुन्हा पट्टे आवळायचे.

अर्धा भाग साच्यावरून सुटला की विमान उघडं. आणि इथे या पद्धतीचा खरा फायदा दिसतो. वायरिंग, नळ्या, कंट्रोलच्या तारा, सगळं काही दोन्ही अर्धे वेगवेगळे असतानाच उभ्याने, उजेडात बसवता यायचं. धातूच्या विमानात हेच काम धडाच्या नळीत वाकून, एकमेकांच्या पायात पाय घालून करावं लागे. नंतर दोन्ही अर्धे जोडायचे, बाहेरून तलम सुती कापड चिकटवायचं, डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप) मारायचं, रंग द्यायचा.

पंख मात्र अखंड, टोकापासून टोकापर्यंत साडेसोळा मीटर. वरच्या बाजूला बर्च प्लायचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये डग्लस फरच्या पट्ट्या.

११. फर्निचरवाल्यांनी खरंच लढाऊ विमानं बनवली का?

खरंच. लंडनच्या वायव्येला हाय विकम हे खुर्च्यांचं गाव. तिथल्या फर्निचर कारखान्यांनी मॉस्किटोचे लाकडी भाग बनवले. उत्तर लंडनच्या टॉटनहॅममधल्या लीबस या मोठ्या फर्निचर कारखान्यात ग्लायडरची कामं झाली. याशिवाय छोट्या छोट्या सुतारशाळांकडे एकेक भाग वाटून दिलेला होता. याचा एक मोठा फायदा असा की बॉम्ब टाकून एका फटक्यात सगळं उत्पादन बंद पाडणं शत्रूला अवघड होतं.

पण खुर्ची करणारा सुतार सकाळी उठून विमान करू लागला, असं नव्हतं. खुर्चीचा सांधा सैल झाला तर ती करकरते, स्पारचा सुटला तर माणसं मरतात. म्हणून तपासनीस, शिक्के, नमुन्याचे तुकडे तोडून बघणं, हे सगळं त्यांना नव्याने अंगवळणी पाडून घ्यावं लागलं.

१२. जर्मनांकडे तर टेगो फिल्म होतीच. त्यांना असं विमान का जमलं नाही?

जमत आलं होतं. फोके-वुल्फ कंपनीचं लाकडी ‘टीए १५४’ जुलै १९४३ मध्ये उडालं. पण टेगो फिल्म बनवणारा वुपर्टालचा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला. पर्यायी गोंद आला, त्यातलं आम्ल लाकूडच खायला लागलं. जून १९४४ च्या अखेरीला दोन विमानं पडली आणि पुढे कार्यक्रम गुंडाळला गेला.

‘एचई १६२’ या जेटचे पंख लाकडी होते. ६ डिसेंबर १९४४ ला पहिलं उड्डाण झालं, आणि १० तारखेला मान्यवरांसमोर दुसऱ्या उड्डाणात गोंद सुटून पंखाचा भाग निघाला. वैमानिक गॉटहोल्ड पेटर ठार झाले. सुतार, लाकूड, आराखडे सगळं त्यांच्याकडे होतं. एक गोंद गेला आणि बाकीचं काही कामाला आलं नाही.

१३. रशियन ‘डेल्टा लाकूड’ म्हणजे काय?

बर्चचे पापुद्रे फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळेत भिजवून उष्णतेत आणि दाबाखाली घट्ट केलेलं लाकूड. साध्या लाकडापेक्षा खूप कठीण, सहज पेट न घेणारं, पण जडही. ‘लॅग-३’च्या सांगाड्यात ते वापरलं. विमान दणकट झालं, मात्र त्या इंजिनाच्या मानाने जड आणि मंद. पुढे ताकदवान इंजिन बसवून त्याचंच ‘ला-५’ झालं आणि त्याने चांगली कामगिरी केली.

१४. भारतात आलेल्या मॉस्किटोंचे पंख पावसाने निघून पडले, हे खरं का?

पंख निघाले हे खरं. पावसाने निघाले, हे अर्धसत्य.

१९४३ मध्ये चाचणीसाठी थोडी मॉस्किटो भारतात आली, २७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे. १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी ४५ आणि ८२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनना ती मिळाली. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४४ मध्ये अपघात झाले. हवेत असताना पंखाचं आवरण स्पारपासून सुटत होतं. नोव्हेंबरमध्ये विमानं जमिनीवर बसवली आणि तपासणीत अनेक विमानांत तोच दोष सापडला.

डी हॅविलंडचे मेजर हेरवर्ड डी हॅविलंड भारतात येऊन पाहून गेले. निष्कर्ष निघाला, दोष मुख्यतः हवामानाचा. पण नंतरच्या चौकश्यांनी वेगळंच सांगितलं. इंग्लंडमध्येच तपासलेल्या विमानांत तसेच दोष निघाले, आणि ती विमानं पावसाळ्यात कधी उभीही राहिली नव्हती. म्हणजे सांधे कारखान्यातच नीट चिकटले नव्हते. हवाई मंत्रालयाने मात्र जाहीरपणे हवामानाचंच कारण पुढे ठेवलं, कारण विमानावरचा विश्वास उडू द्यायचा नव्हता.

आपल्या हवेचा यात काहीच भाग नव्हता, असंही म्हणता येणार नाही. उन्हाने आकसणं आणि पावसाने फुगणं रोज चालू असेल तर कच्चा सांधा लवकर उघडा पडतो. उपाय म्हणून पंखाच्या लांबीभर आवरणाच्या सांध्यावर प्लायची एक पट्टी चिकटवून पाणी आत शिरायची वाट बंद केली. त्यानंतर मॉस्किटो या आघाडीवर युद्ध संपेपर्यंत वापरात राहिलं.

‘लाकडाचं विमान होतं, आपल्या पावसात कुजलं’ असं कोणी म्हटलं की मला राग येतो. त्या एका वाक्यात बर्च सोलणारे, प्रतवारी करणारे, नीट गोंद लावणारे सगळे बदनाम होतात, आणि ज्या बाकावर घाईने गोंद लागला तो बाजूला राहतो.

१५. आणि वाळवी? वाळवीने खाल्ली असंही ऐकलंय.

या अपघातांशी वाळवीचा संबंध नव्हता. वर सांगितलं तसं, वाळवीचं नावही नसलेल्या ठिकाणच्या विमानांत तेच दोष होते. लाकूड उघड्यावर, ओल्या जमिनीला टेकून पडलं तर धोका असतोच, पण उडतं विमान चाकांवर उभं असतं आणि त्याची रोज तपासणी होते.

१६. गोळी लागली तर लाकडाच्या चिरफळ्या उडत नसत का? आणि आग?

प्लायला गोळी लागली की भोक पडतं. आडवे-उभे थर असल्याने चीर लांबपर्यंत धावत नाही. दुरुस्तीही सोपी होती: खराब भाग कापून काढायचा, कडा तासायच्या आणि त्या मापाचा तुकडा गोंदाने बसवायचा. चांगला सुतार तळावरच करू शकायचा. आगीचं म्हणाल तर लढाईतल्या विमानात पेटतं ते मुख्यतः पेट्रोल. एकदा ते पेटलं की आवरण लाकडाचं आहे की धातूचं, याने फार फरक पडत नाही.

१७. लाकडी असल्याने मॉस्किटो रडारवर दिसत नव्हतं का?

दिसत होतं. लाकडातून रडारच्या लहरी बऱ्याच अंशी आरपार जातात, पण आत दोन मर्लिन इंजिनं, पंखे, टाक्या, चाकांचे सांगाडे हे सगळं धातूचं. लहरी त्यावरून परततात. मॉस्किटोचा बचाव त्याच्या वेगात होता. ताशी ६०० किलोमीटरच्या वर जाणाऱ्या विमानाचा माग लागला तरी त्याला गाठणं अवघड होतं.

१८. ‘स्प्रूस गूस’ स्प्रूसचं होतं का?

नाव तसं पडलं, पण ते मुख्यतः बर्चचं. पापुद्रे राळ लावून साच्यात दाबण्याच्या पद्धतीने हॉवर्ड ह्यूज यांनी ते बांधलं. पंखांचा विस्तार ९७ मीटरहून अधिक. युद्ध संपल्यावर, २ नोव्हेंबर १९४७ ला ते एकदाच आणि थोडंसंच उडालं. आज ते अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या मॅकमिनव्हिलच्या संग्रहालयात आहे.

१९. आजच्या चांगल्या मरीन प्लायने विमानाचे भाग करता येतील का?

कृपा करून करू नका. हा प्रश्न होतकरू मुलांकडून येतो म्हणून स्पष्ट सांगतो. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायचा गोंद उत्तम असतो. त्याची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्याची आहे. पण ते नौका आणि ओल्या जागांसाठी आहे. त्यातले थर जाड, लाकूड गर्जनसारखं जड, आणि आतल्या कोअरमध्ये बारीक फटी किंवा जोड चालवून घेतलेले असू शकतात. विमानाच्या प्लायमध्ये आतला प्रत्येक थर बाहेरच्याइतकाच निर्दोष लागतो. मॉडेलसाठी एक-दोन मिलिमीटरचं बर्च प्लाय मिळतं, ते घ्या. माणूस बसणाऱ्या कोणत्याही गोष्टीसाठी विमानाचं प्रमाणित प्लायच हवं.

२०. युद्धानंतर हे तंत्र संपलं का?

लढाऊ विमानांपुरतं जवळपास संपलं. पण गोंदाचं ज्ञान पुढे गेलं. डी ब्रूइन यांच्याच कंपनीचा ‘रिडक्स’ हा गोंद धातूही चिकटवायचा. मॉस्किटोनंतरच्या ‘हॉर्नेट’मध्ये लाकूड आणि धातू त्याने एकत्र जोडले, आणि गोंदाने जोडलेली धातूची विमानं पुढे त्याच वाटेने आली. हलका गाभा आणि दोन्ही बाजूंना मजबूत आवरण ही मॉस्किटोच्या धडाची रचना आजच्या कार्बन फायबरच्या भागांतही आहे, फक्त बाल्साच्या जागी मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा गाभा किंवा फोम आला. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स यांनी नौदलासाठी साच्यातल्या प्लायचे मोडलेल्या पायाला बांधायचे आधार बनवले, आणि तेच कसब नंतर त्यांच्या खुर्च्यांत आलं.

२१. खरं मॉस्किटो आज कुठे बघायला मिळेल? अजून उडतं का?

लंडनबाहेर लंडन कोल्नीला सॅलिसबरी हॉल आहे, जिथे या विमानाची आखणी झाली. तिथल्या डी हॅविलंड संग्रहालयात पहिलं मॉस्किटो, डब्ल्यू ४०५०, जपून ठेवलेलं आहे.

उडणारीही आहेत, पण मोजकीच. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळ ग्लिन पॉवेल यांनी धडाचे साचे नव्याने घडवले आणि त्यावर नवी धडं आणि पंख बांधले. त्या कामातून उभं राहिलेलं कॅनडात बनलेलं केए ११४ हे विमान २७ सप्टेंबर २०१२ ला आर्डमोरहून उडालं. जुनं लाकूड आणि जुना गोंद यांच्या भरवशावर कोणी उडत नाही. मूळ विमानाची इंजिनं आणि धातूचे भाग वापरायचे, लाकूडकाम मात्र सगळं नवं करायचं. म्हणजे नवं बर्च प्लाय, नवं स्प्रूस आणि आधुनिक गोंद.